शेवंतीचं गटार

आमच्या खारगल्लीचं मंडळ यंदा पुस्तिका काढणार आहे. गल्लीत काय काय झालं, कोणी केलं, ते सगळं फोटोसकट छापायचं आहे. शेवंतीवर कोणी लिहायचं हे ठरवायला बैठक झाली आणि सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी वाडीतला सगळ्यात जुना माणूस, रापणीचा तांडेल, आणि देवचाराचा मानकरी. "तांडेलानू, तुमी नुसता सांगा, आमी लिवन घेतंव," असं ते म्हणाले. मी म्हटलं, सांगणार नाही, लिहीन. शाळा माझी तिसरीपर्यंत झाली. अक्षर चिऱ्याच्या भिंतीसारखं आहे, एकेक मोजून घ्यावं असं. पण दुसऱ्याच्या हाताने लिहून घेतलं तर जे लिहायला बसलो आहे तेच राहून जाईल, हे मला ठाऊक होतं. आजवर ते तसंच राहत आलं आहे.

मंडळाला एवढंच सांगणं आहे, की छापलंत तर सगळं छापा. मधलं काढू नका.

शेवंती ही बाबीची बायको. बाबी माझ्या रापणीत डाव्या दोरीवर वीस वर्षं होता. ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात गोल सोडतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर चाळीस-पन्नास माणसं ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो. वाटेने जाणारा कोणी थांबून चार हिसके मारून गेला तरी त्याच्या पदरात मासळी पडते. तांडेल म्हणजे हे सगळं चालवणारा. माझा शब्द खाली पडत नसे. पुढे मोठे ट्रॉलर आले, किनाऱ्याची मासळी गेली, रापण बसली. दोर माळ्यावर गेला. शब्द मात्र माझ्या तोंडातच राहिला, आणि तो खाली पडू नये म्हणून मी काय काय केलं तेच इथे लिहायचं आहे.

शेवंती उंचीला कमी, पावलं रुंद, रंग काळा आणि आवाज असा की बाजारात ती बांगडे पुकारायला लागली की पलीकडची भाजीवाली भाव सांगायची थांबायची. केसात अबोलीचा वळेसर असायचाच. बाबी गेल्यावरही तिने तो सोडला नाही. कोणी बाईने नाक मुरडलं तेव्हा म्हणाली, "गो बाय, घोव गेलो, वास खंय गेलो? दिवसभर माशात बसतंय मी. माका नको, पण गिऱ्हायकाक तरी फुला होयी मां?"

माणसांना ती माशांची नावं ठेवायची. नगरपालिकेतला एक कारकून हसायचा गोड आणि काम काही करायचा नाही, त्याचं नाव तिने बोंबील ठेवलं. "कणोच नाय तेका." शेजारची एक बाई सतत टोचून बोलायची, ती शेंगाळो, काट्याचा मासा. माझं नाव काय ठेवलं होतं ते मी खूप वर्षांनी माझ्या बायकोकडून काढून घेतलं. मोरी. म्हणजे शार्क. मला आधी बरं वाटलं. मग बायको म्हणाली, "मोरयेक मागे जावक येना नाय, म्हणान."

तिची आणखी एक खोड होती. तुमच्याशी उभं राहून बोलत असली तरी तिचे हात रिकामे नसत. बोलता बोलता वाकायची आणि काहीतरी उचलायची. प्लास्टिकची पिशवी, खवले, कोणाच्या तरी दारातलं गवत. वाकलेलीच बोलायची, उठताना हातातलं पदराच्या ओच्यात टाकायची आणि वाक्य पुढे चालू. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं ही आपल्याकडे लक्षच देत नाही. पण नंतर तुमचं बोलणं शब्दाला शब्द परत सांगायची.

आता गल्लीचं सांगतो. खारगल्ली बंदराच्या मागे, बाजार आणि खाडी यांच्या मधे. घरं तेवीस. नगरपालिकेच्या हद्दीत आहोत, घरपट्टी भरतो, पण तेव्हा गल्ली कशी होती ते पुस्तिकेतल्या जुन्या फोटोत दिसेलच. बाजाराचं सगळं धुणं-पाणी आमच्याकडे उतरायचं. वाट नसलेलं पाणी. मधे साचायचं, आणि पुनवेच्या भरतीला खाडीचं पाणी त्यात मिसळून खालच्या सात घरांत शिरायचं. पाहुण्यांना समुद्रावर घेऊन जाणाऱ्या रिक्षा जवळची वाट म्हणून आमच्यातून जायच्या आणि आतली माणसं नाकाला रुमाल लावायची. आम्ही बाप्ये ओटीवर बसून त्यांना हसायचो. शहरातले, नाजूक. शेवंती कधी हसली नाही. एकदा मला म्हणाली, "तांडेलानू, ते नाक धरतत आणि आमी हसतंव. लाज कोणाक वाटाक होयी?"

मी म्हटलं, "तुका वाटत आसात तर तू वाटून घे."

त्या पावसात बाबी तापाने गेला. उंदराच्या मुतामुळे होतो तो ताप, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं घर खालच्या सातांतलं. पायाला जखम होती आणि दारात ते पाणी.

तेराव्याला सगळी गल्ली जेवायला होती. मानकरी म्हणून मी पहिल्या पंगतीला बसलो, विडा घेतला आणि घरी येऊन आडवा झालो. शेवटच्या पंगतीला बायका आणि खालच्या घरातली माणसं बसली होती. त्यांचं जेवण आटोपत आलं तशी शेवंती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जेवलात? आता उठा नकात." हात सुकेपर्यंत तिने त्यांना बसवून ठेवलं. ह्या घरातून माणूस गेला तो पाण्याने गेला, म्हणाली. पाणी कोणी काढणार नसेल तर आपण काढूया. रापण ओढतो तशी गल्ली ओढूया. "दोरयेक हात लाव, मगे बोल," हे तिचं बोलणं त्या दिवशी सुरू झालं. पुढे अकरा वर्षं गल्लीत कोणी कसलीही तक्रार केली की हेच उत्तर मिळायचं.

ही गोष्ट माझ्या कानावर तिसऱ्या दिवशी आली. तीही माझ्या बायकोच्या तोंडून, तिखट कुटताना. वाडीत कुठलंही काम काढायचं तर पहिला नारळ माझ्या ओटीवर येतो. माझ्या बापाच्या, आज्याच्या काळापासून. आणि इथे बैठक झाली, माणसं ठरली, आणि मला तिसऱ्या दिवशी कळतं. त्याच संध्याकाळी शेवंती आली. नारळ घेऊनच आली. मी नारळाकडे बघितलं नाही.

"पयल्या पंगतीक सांगूक काय झाला होता?" मी विचारलं.

"तुमी विडो घेवन निघालात, तांडेलानू. मी पत्रावळी उचलतंय तोपर्यंत तुमी घराक पोचलात."

"माणूस धाडूचा होता."

"धाडलंय असता. पण जेच्या घरात पाणी पयला शिरता, तेच्याकडसून सुरवात केलंय. तुमचा घर वर आसा." असं म्हणत ती वाकली आणि माझ्या ओटीखाली उडत आलेला कागद उचलला. माझ्या ओटीखालचा. मला तो कागदही अपमान वाटला.

नारळ ठेवून गेली. मी तो परत केला नाही. तिला वाटलं मी मान घेतला.

नगरपालिकेत तिच्या खेपा सुरू झाल्या. तिथे ती शुद्ध मराठी बोलायची, पण तिच्या आवाजात. "साहेब, आम्ही खोदतो. तुम्ही फक्त पाइप आणि सिमेंट द्या, आणि रेघ मारून द्या." साहेब म्हणायचे, येऊन बघतो. ते येईनात. तेव्हा तिने काय केलं, भरतीचा हिशेब धरला. आमच्या बायकांना भरतीची वेळ घड्याळात बघावी लागत नाही. पुनवेच्या दिवशी भर दुपारी साहेबांना बोलावून आणलं, खालच्या घराच्या दारात खुर्ची दिली, चहा आणला, बशीत खाजं ठेवलं. इकडतिकडच्या गजाली काढल्या. साहेबांचा गाव कुठला, मुलं किती, धामापूरच्या देवीला कधी गेला होता का, माझं माहेर तिथलंच. साहेब रंगले. आणि खुर्चीखालून पाणी आलं. काळं, वर चकाकणारं. साहेबांचे बूट बुडाले तेव्हा ते उठायला लागले. शेवंती म्हणाली, "बसा साहेब, बसा. चहा संपवा. पाय तेवढे वर घ्या, आम्ही तसंच जेवतो."

मी हे माझ्या ओटीवरून बघत होतो. सगळी गल्ली हसली. साहेबही हसले. मला हसू आलं होतं, मी ते गिळलं.

चार दिवसांत साहेबांनी चुन्याची रेघ मारून दिली. सरळ रेघ. वरून खाली उतार, आणि खालून थेट खाडीला. ती माझ्या परड्याच्या कोपऱ्यातून जात होती. चार हात जागा. गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचे, थोडे चिरे काढायचे, खणायचं, वर लादी घालायची, गडगा परत लावायचा. माझं काही जात नव्हतं. पण त्या कोपऱ्यात ओवळीचं झाड आहे आणि त्याखाली देवचाराचा पाषाण. देवचार म्हणजे वाडीचा राखणदार. तिथे त्याला विचारल्याशिवाय कुदळ लावत नाहीत, आणि विचारण्याचा मान माझ्या घराचा.

"इचारा, तांडेलानू," शेवंती म्हणाली. "तो नको म्हणालो तर नको."

कौल कसा लावतात ते सांगतो. मानकरी आंघोळ करून एकटा आत जातो. बाकीची माणसं गडग्याबाहेर थांबतात. पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि आपलं म्हणणं मांडायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मी सकाळी आंघोळ करून आत गेलो. पाकळ्या लावल्या. म्हटलं, "बा देवचारा म्हाराजा, तुझ्या पायाकडसून पाणी न्हेवचा म्हणतत. तुझी राजी आसात तर उजवी दी." वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. वारा नव्हता. मी तसाच बसून राहिलो. डावीही पडेल म्हणून बसलो असेन. पायाला मुंग्या आल्या. डावी चिकटलेलीच.

खरं सांगतो, मनात धरून गेलो नव्हतो. रागात होतो, पण देवाच्या पुढ्यात राग घेऊन जायचा नाही एवढं मला शिकवलेलं होतं. उजवा कौल सांगायचा म्हणूनच मी उठलो. दोन्ही पाकळ्या मुठीत घेऊन बाहेर आलो. बाहेर सगळी गल्ली उभी. सगळ्यात पुढे शेवंती. तिच्या खांद्यावर फावडं होतं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं आणि तिने फावडं आणलं होतं. तिला इतकी खात्री होती. देवाची असेल, माझी असेल, कोण जाणे. त्या फावड्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "डावो."

मूठ मी उघडली नाही. शेवंतीने फावडं खाली ठेवलं, पाषाणाच्या दिशेला हात जोडले, आणि म्हणाली, "बरा. त्याची मर्जी." मग थोडा वेळ खाली चुन्याच्या रेघेकडे बघत राहिली.

सरळ वाट गेली. दुसरी वाट एकच होती. खालून वळवून, लांबून, शेवंतीच्या खळ्यातून. खळं म्हणजे तिचं मासे सुकवायचं अंगण. शेणाने सारवलेलं, उन्हातलं. उन्हाळ्यात तिथे ती बांगडे, सुंगटं, बोंबील सुकवायची आणि पावसात समुद्र बंद असतो तेव्हा तेच विकून घर चालायचं. ते खळं मधोमध चिरलं की अंगण म्हणून काही राहत नव्हतं. साहेबांनी तिला दोनदा विचारलं, "बाई, तुमचं नुकसान होतंय." ती म्हणाली, "साहेब, देवचाराने माझ्याकडे बोट केलं. मी कोणाकडे करू?"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मग ती माझ्याकडे दोर मागायला आली. रापणीचा जुना दोर, रेघ धरायला. मी माळ्यावरून काढून दिला आणि वर म्हटलं, "धू नको तेका, कुजात." दोर देताना मला मोठेपणा वाटला. खोदाई सुरू झाली रापणीसारखीच. अर्धी माणसं खाडीकडून, अर्धी वरून, मधे गाठ पडायची. ज्यांना खणता येत नव्हतं त्यांनी माती उचलली, ज्यांना तेही होत नव्हतं त्यांनी पेज शिजवली. एक आंधळी म्हातारी होती, तिने दोराचं टोक धरून बसायचं काम केलं. दिवसभर. तीही संध्याकाळी सांगायची, मी गटार खणलंय. माझी बायको तिसऱ्या दिवशी घमेलं घेऊन उठली. मी विचारलं, खंय? म्हणाली, "तुमी नाय जायत तर घरातला कोणतरी जावक होया. उद्या वाटो मागूक तोंड होया." आणि गेली. तेवीस घरांत दोराला हात न लावलेला एकच माणूस राहिला. ज्याचा दोर होता तो.

वळण शेवंतीच्या खळ्यात आलं. शेवंती स्वतः तिथे खणत होती. वर्षानुवर्षं सारवलेली जमीन, कुदळ उडायची. मी ओटीवर पान जुळवत बसलो होतो. ते पान मला कडू लागलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण कडू लागलं नव्हतं. मी ते खाल्लं आणि दुसरं लावलं.

गटार झालं. खालच्या सात घरांत पाणी शिरायचं थांबलं. आणि एक झालं की दुसरं सुचतं. विजेचे दिवे आले. कचरा उचलायची गाडी आत यायला लागली. गल्लीच्या तोंडाशी उकिरडा होता तिथे शेवंतीने चिरे मांडून बसायला कट्टा करवला आणि भोवती अबोली लावली. रिक्षातली माणसं आता तिथे थांबून फोटो काढतात. दुसऱ्या वाड्यांतून बायका बघायला यायच्या. त्यांना ती गटाराची झाकणं उचलून आतलं पाणी दाखवायची, जसं कोणी नवं लुगडं दाखवावं. आणि त्यांना सांगायची, आमच्या तांडेलांनी दोर दिला म्हणून झालं.

उद्घाटनाला नारळ मी फोडला. तिनेच हाताला धरून पुढे केलं. "मान तुमचो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी घेतल्या.

पण लांबचं गटार ते लांबचं. उतार कमी पडला. वळणावरच्या जाळीत सगळं अडायचं, प्लास्टिक, पालापाचोळा, बाजारातले खवले. साहेब म्हणाले होते, सरळ असतं तर आपोआप वाहिलं असतं. तेव्हा रोज सकाळी बाजाराला जाण्याआधी शेवंती माडाचा पिडा, म्हणजे झावळीचा दांडा, घेऊन वळणावर उभी राहायची आणि आत घालून ढवळायची. अकरा वर्षं. मी अंथरुणातून उठायचो तो त्या आवाजाने. खसर, खसर. बाकीच्यांना तो आवाज ऐकू आला की बरं वाटायचं.

सुकी मासळी आता ती दुसऱ्याकडून घेऊन विकायची. एका उन्हाळ्यात मी बायकोला म्हटलं, तिच्याकडचे सुके बांगडे आण. बायको म्हणाली, तिच्याकडे तिचे कुठे असतात आता? तरी आठ दिवसांनी शेवंती पानात बांधून घेऊन आली. "घेवा. पत्र्यार सुकवलंय तुमच्यासाठी. तुमका दुसऱ्याच्या हातचो आवडत नाय, ठावक आसा माका." पासष्टीची बाई शिडी लावून पत्र्यावर चढली होती. मी ते बांगडे भाजून भाताबरोबर खाल्ले. चांगले होते. बायको माझ्याकडे बघत होती, तिला काही ठाऊक नव्हतं, तरी बघत होती.

आणि दर वर्षी शिमग्याच्या आधी शेवंती नारळ घेऊन यायची. ओटीच्या खाली उभी राहायची, वर यायची नाही. विचारायची, "तांडेलानू, औंदा परत इचारूया काय? वर्स झाला. वर्सान त्याची मर्जी बदलता, म्हणतत."

ते खरं आहे. वर्षाने परत कौल लावता येतो. मला फक्त आत जाऊन दोन पाकळ्या लावायच्या होत्या. बाहेर येऊन खरं सांगायचं होतं, आणि ते नवं खरं म्हणून खपलं असतं. जुनं कोणी काढलं नसतं. इतकी सोपी वाट ती दर वर्षी माझ्या दारात आणून ठेवायची. आणि मी दर वर्षी म्हणायचो, "एकदा दिलेलो कौल परत इचारूचो नसता."

"बरा," म्हणायची. वाकून पायरीवरचं काहीतरी उचलायची आणि जायची.

हो का म्हणालो नाही? मी पुष्कळ विचार केला आहे. एकदा डावा म्हटल्यावर उजवा म्हणायचा तर मला आत जावं लागलं असतं. देवचाराच्या पुढ्यात. आणि त्या दिवसानंतर पाकळ्या लावायला माझा हात उठत नव्हता. मान माझा होता आणि तो वापरायची माझी छाती नव्हती. लोकांना वाटायचं तांडेल कडक आहे.

गेल्या पावसात वळणावर ढवळताना शेवंतीचा पाय घसरला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं काठीवर आलं. लेक कुडाळला असते, ती म्हणाली आई आता माझ्याकडेच. घर बंद करायचं ठरलं. गल्लीतल्या माणसांनी आपसांत वाटून घेतलं, वळण रोज कोणी ढवळायचं. बायको घरात येऊन म्हणाली, "सोमवार आपल्या घराक आसा. मी जायन."

निघायच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली ओवळीखाली जमली. कोणी घर सोडून चाललं की देवचाराला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं मानकऱ्याने घालायचं, एकेक वाक्य मोठ्याने, आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नारळ शेवंतीनेच आणला होता. काठी टेकून माझ्या समोर उभी राहिली. वळेसर होता.

मी रात्रीच ठरवलं होतं. गाऱ्हाण्यातच सांगायचं. देवाला सांगितलं की माणसांनाही सांगून होतं.

"बा देवचारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेक आज वाडी सोडून कुडाळाक जाता, तिच्या पायाक बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिना ह्या वाडयेसाठी आपला खळा मोडल्यान, ता तुया बगलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझ्या नावान जो कोण खोटा..."

इथे माझा आवाज अडकला. तोंड उघडंच राहिलं. गाऱ्हाण्यात शेवटी असं एक वाक्य असतंच, वाकडं वागणाऱ्याला धडा दे म्हणून. लोकांना वाटलं तेच आलं. वाक्य पुरं झालं असं समजून सगळे एका आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!" नेहमीपेक्षा मोठ्याने. पोरं हसली. कोणीतरी माझ्या हातातला नारळ घेऊन फोडलासुद्धा.

शेवंतीने "व्हय" म्हटलं नाही. सगळ्यांचे हात सुटले, तिचे जोडलेलेच. ती पाषाणाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, पुढचा शब्द यायचा आहे म्हणून थांबल्यासारखी. बाजारात गिऱ्हाईक भाव सांगता सांगता थांबलं की ती अशीच बघायची. घाई न करता. मी तोंड मिटलं.

मग तिने हात सोडले. काठी सावरली. "गाऱ्हाणा अर्ध्यार रवला, तांडेलानू," म्हणाली, मला ऐकू येईल एवढंच. "पुरा करा सवडीन."

तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही. ही पुस्तिका छापून झाली की एक प्रत कुडाळला पाठवा. तिला वाचता येत नाही, पण लेक वाचून दाखवील. कौल उजवा पडला होता, हे लेकीला मोठ्याने वाचायला सांगा.

रिक्षा आली. तिला दोघींनी धरून आत बसवलं, काठी बाहेर राहिली ती तिने मागून घेतली. बायका रडत होत्या. रिक्षा निघाली, आणि तिच्या खळ्याशी, गटाराच्या वळणावर जाऊन थांबली. मला वाटलं काही विसरली. रिक्षाच्या बाजूने काठी बाहेर आली. तिने काठीचं टोक गटाराच्या जाळीत घातलं, दोनदा खसर खसर केलं, एक पिशवी वर काढली, काठीवरून झटकून रस्त्याच्या कडेला टाकली. मग वाकून बघत राहिली, पाणी चाललं की नाही ते. चाललं असावं. काठी आत गेली आणि रिक्षा सुटली.

पिशवी तिथेच पडून होती. मी सगळे जाईपर्यंत ओटीवर बसलो. मग उतरून गेलो, वाकलो, आणि ती उचलली.